कानोसेकाकांचा नवा पंप

आमच्या तलावाचा पंप बघायला दुकानातून येणाऱ्या मेकॅनिकला कानोसेकाका हे नाव माझ्या लेकीनं दिलं. पंपाच्या खोलीत शिरले की ते आधी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक मोटारीवर टेकवायचे आणि मूठ उजव्या कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "बेअरिंग अजून वर्षभर खेचेल." आणि ते खरंच वर्षभर खेचायचं. याचाही मला संशय यायचा. इतकं अचूक माणसाला कसं कळतं?

आमच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव आहे. हौस म्हणून नाही. अकराव्या वर्षी लेकीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि व्यायामाच्या बाईंनी बजावलं की पाय रोज पाण्यात हलला पाहिजे, आठवड्याचा खाडा झाला तरी सांधा आखडेल. म्हणून आम्ही हे घर घेतलं. पण ऑपरेशनची जखम एकदा चिघळली होती, ते दिवस मी विसरलेले नाही. त्यामुळे पाणी म्हटलं की माझा जीव टांगणीला. ती पाण्यात उतरली नाही तर पाय जाईल, आणि घाण पाण्यात उतरली तर काय होईल, याचा मी विचारच करत नाही. म्हणजे सारखा करते.

तलाव मिठाच्या पाण्याचा आहे. चव जेमतेम कळेल इतकंच मीठ. पाणी एका डब्यातल्या धातूच्या पट्ट्यांवरून जातं, तिथे त्या मिठापासून क्लोरीन तयार होतं आणि पाणी स्वच्छ राहतं. काका दर भेटीला बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "अर्धी पिशवी टाका." मी मागून तपासायची कागदी पट्टी बुडवून बघायचे. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

जुना पंप दिवसाला आठ तास डरकाळ्या फोडायचा. त्याचा मला त्रास नव्हता. आवाज येतोय म्हणजे पाणी फिरतंय. तो बदलून वेग कमीजास्त करता येणारा नवीन पंप बसवा, असं काकांनीच सुचवलं.

"हळू चालेल, पण जास्त वेळ चालेल. गाळणीलाही बरं. आणि आकडा समोर दिसतो, ताई. कान लावायला नको."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. ज्याची सगळी विद्या कानात, तो कान लावायला नको म्हणून का खूश होतोय? दुकानात कुणाचा परत आलेला पंप पडून असेल, तो माझ्या गळ्यात मारत असतील. मी नवऱ्याला तसं म्हटलं.

"तुला बाहेर चोर सापडला नाही तर तू आरशात शोधशील," तो म्हणाला. पंप तरीही घेतला. मी खोका स्वतः उघडला, चिकटपट्टी आधी कुणी काढली होती का ते पाहून.

नवा पंप इतका शांत होता की पहिल्या दिवशी मी तीनदा जाऊन पाइपाला हात लावून आले. काकांनी वेग ठरवून दिला: मिनिटाला पंधराशे फेरे. जाता जाता त्यांना क्लोरीन बनवणाऱ्या डब्यावर काळी चिकटपट्टी दिसली.

"हे कुणी केलं?"

"मी. ते दोन दिवे रात्रभर लेकीच्या खिडकीत लुकलुकतात. तिची झोप मोडते."

त्यांनी थोडा विचार केला. "राहू दे मग. पाणी कमी पडलं तर डबा बंद होतो आणि बीप देतो. तेवढ्यावर लक्ष ठेवा."

तीन आठवडे बरे गेले. मग तलावाच्या पायऱ्या बुळबुळीत लागायला लागल्या. तपासायची पट्टी, जी छान रंगायची, ती फिकी येऊ लागली. आणि एका दुपारी मला ते ऐकू आलं: टीं-टीं, टीं-टीं. बारीक, डासासारखं. मी फोन केला, पाणी बघून जा एवढंच सांगायला. नेहमीप्रमाणे तो त्यांच्या बायकोनं उचलला. हेही मला कधी आवडलं नव्हतं. गिऱ्हाइकाला तोंड द्यायला बायको पुढे, आणि हा माणूस मागे.

काका तासाभरात आले. मी दारात उभी राहिले. डबा त्यांच्या खांद्यापासून दोन हातांवर टीं-टीं करत होता. त्यांनी पाणी तपासलं, पंपाचा आकडा पाहिला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

"ऊन कडक पडतंय, त्यानं क्लोरीन उडून जातंय. बाटलीतलं थोडं टाकून देतो. बाकी सगळं ठीक आहे, ताई. डबा बीप देत नाही म्हणजे त्याचं काम चालू आहे."

टीं-टीं, टीं-टीं.

मी एक शब्द बोलले नाही. मला बघायचं होतं की माणूस तोंडावर किती खोटं बोलू शकतो. त्यांनी बाटली ओतली, हात धुतले, टोपी नीट केली आणि गेले.

मी थेट दुकानाच्या मालकाला फोन लावला. तुमचा माणूस बिघाड समोर असताना नाही म्हणतो, माझी आजारातून उठलेली मुलगी त्या पाण्यात उतरते, असं सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा.

"उद्या अकराला मी स्वतः येतो," मालक म्हणाला. "त्याच्याबद्दलची ही दुसरी तक्रार आहे, बाई. खरी निघाली तर त्याला घरी बसवतो."

फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं, हे मान्य करते.

लेकीला मी सांगितलं की उद्यापर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. ती चिडली.

"पण का? काकांनी ठीक आहे म्हटलं ना?"

"काका खोटं बोलतायत. डबा त्यांच्यासमोर ओरडत होता."

"ओरडू दे की. त्यांना थोडंच ऐकू येतं ते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"आई, मी पाण्यातून हाक मारली की ते वळत नाहीत. हात वर केला की येतात. शिट्टी मारली तरी नाही. मी किती वेळा मारून पाहिलीय." मग जरा थांबून, "मला वाटलं तुला माहीत असेल. तुझं तर सगळ्यांवर लक्ष असतं."

मला टोमणा लागला, पण तो गिळायला वेळ नव्हता. मी बोलताना काका नेहमी माझ्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही. ते बघणंही मी माझ्या हिशेबात लबाडीकडेच टाकलं होतं.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. ज्याला बीप ऐकू येत नाही त्याच्या हाती माझ्या लेकीचं पाणी का? आणि त्यानं ते लपवलं का? मी पुन्हा फोन केला. बायकोनंच उचलला. मी विचारलं, काकांना बारीक आवाज येत नाहीत का.

तिनं उलट विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ता."

"मालकाला?"

"अजून नाही. उद्या नऊला पाठवा त्यांना."

ते पावणेनऊलाच आले, दाढी करून. मी समोर उभी राहून म्हटलं की मला कळलंय, आणि त्यांनी नाकारलं नाही.

"जाड आवाज येतात. पंपाची घरघर, ट्रक, तुमच्या साहेबांचं घोरणं असतं तर तेही. बारीक गेले." पंचवीस वर्षं ते एका मोठ्या सार्वजनिक स्नानगृहाच्या तळघरात सहा पंपांबरोबर कामाला होते. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही फक्त हिवाळ्यात, थंडी वाजते म्हणून. आता घरी दाराची घंटा वाजली की बायकोची मान कुठे वळते ते बघतात. "म्हणून हे नवीन पंप मी सगळ्यांना सुचवतो. आकडा वाचता येतो, ताई. डोळे शाबूत आहेत."

मी डब्यावरची काळी पट्टी ओढून काढली. खाली लाल दिवा होता.

ते त्या दिव्याकडे बघत राहिले. मग वळले.

"काल मी इथे उभा होतो तेव्हा वाजत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

एक शब्द बोलले असते तर काम काल दुपारीच झालं असतं. लाल दिवा मी झाकला होता, आणि बीप वाजतेय हे मी पोटात ठेवलं होतं. त्यांना दोन्हीकडून मीच आंधळं-बहिरं केलं होतं.

काकांनी गाळणी उघडली. तीन आठवड्यांत ती तुंबली होती. पहिल्या दिवशी पंधराशेला पुरेसं येणारं पाणी आता डब्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. "पाणी कमी येतंय हे आकड्यावर नाही दिसत," ते स्वतःशीच म्हणाले. गाळणी धुतली, पंप सुरू केला. आत रुतलेला बारीक मळ पुरता निघाला नव्हता, बीप होतीच. मग ते पन्नास-पन्नासनं वेग वाढवायला लागले आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

सोळाशे. मी मान हलवली, नाही. साडेसोळाशे. नाही. सतराशे.

टीं-टीं थांबलं. दिवा लाल, मग हिरवा.

"थांबलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी इतके दिवस संशयानं त्यांच्याकडे बघत होते अगदी तसंच. "नक्की?"

"नक्की."

"आणखी शंभर वाढवतो," ते म्हणाले आणि वाढवले.

अकराला मालक आला. तोपर्यंत तपासायची पट्टी रंगायला लागली होती, पुरती नाही, पण लागली होती. त्यानं पंप पाहिला, पाणी पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "सगळं चालू दिसतंय. तक्रार कशाची होती मग?"

काका त्याच्या मागे, थोडे बाजूला उभे होते. टोपी हातात. नजर माझ्या ओठांवर.

काकांना बीप ऐकू आली नाही हेही खरं होतं, आणि मी ती सांगितली नाही हेही. लेक आतून खिडकीत उभी होती, टॉवेल खांद्यावर टाकून.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "धोक्याचा दिवा मी झाकून ठेवला होता." काळी पट्टी अजून माझ्या बोटांना चिकटलेली होती, ती मी दाखवली. "आता झाकणार नाही. आणि काका आले की डबा काय म्हणतो ते मी त्यांना दर वेळी सांगेन."

हे मी तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करत, जरा जास्तच सावकाश बोलले. मालकाला वाटलं असेल, बाई आपल्याला मठ्ठ समजते. त्याच्या मागे काकांनी टोपी डोक्यावर घातली, पिशवी उचलली आणि खिडकीकडे बघून हात वर केला.