ड्रॅगन कुठे उतरवावा

नायगावच्या आमच्या इमारतीमागे एका काकांची केळीची वाडी आहे. दुपारी ते केळीची पानं द्यायला येतात आणि माझ्या संगणकासमोर बसतात. जादूच्या राज्यांचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत मी गावं आखते. काकांना तलवारी, चेटकिणी चालतात. शेताशिवायचं गाव चालत नाही.

"एवढी मानसं, आनि खातात काय?" पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावर मातीने भरलेलं बोट टेकवत विचारलं. मी मुकाट्याने भातखाचरं काढली. मग पाट काढले, कारण "पानी काय आभाळातून लोंबतं?" पाटाकडेच्या केळी तर त्यांनी माऊस शिकून स्वतःच लावल्या. प्रत्येक सूचनेनंतर ते "बघ बाय, पटलं तर" म्हणतात, आणि मला पटेपर्यंत उठत नाहीत.

कथेप्रमाणे ड्रॅगन या गावावर उतरून सगळं जाळणार होता. ते ऐकून काकांनी माऊस जवळ ओढला. मी चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेबांसमोर गेम सुरू केला, तर गावात ड्रॅगनच नाही. साहेबांनी सगळं रान पालथं घातलं, तेव्हा तो डोंगरामागच्या कातळावर सापडला.

"शोधायला लावलंस, हे झकास," साहेब म्हणाले. "असंच ठेव."

मी मान हलवली.

संध्याकाळी काकांना जाब विचारला. त्यांनी आधी साहेब काय म्हणाले ते नीट ऐकून घेतलं.

"बरा मानूस हाय," ते म्हणाले. "त्याला शेतीतलं कळतं."