बत्तीस नावांचा माळ

मंगळवेढ्याहून दक्षिणेला, जतच्या वाटेवर शिरढाळ नावाची वाडी आहे. वाडीच्या पाठीमागं नजर पोचेल तिथवर सरकारी माळ. केराबाई सोळाव्या वर्षी सांगोल्याकडून लग्न होऊन इथं आली, तेव्हा सासूनं चुलीच्या आधी तिला हा माळ दाखवला. पुढं चालता चालता म्हातारी काठीनं दाखवत गेली: ही पवन्याची पट्टी, हा बोराटीचा उतार, ही आंधळी विहीर, ही लांडग्याची घळ. एका दगडाला भावजयीचा धोंडा म्हणायचे, कारण सासूच्या भावजयीला तिथंच कळा सुरू झाल्या होत्या आणि पोरगी जन्मली होती. अशी बत्तीस नावं. केराबाईला ती एका पावसाळ्यात पाठ झाली. लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईची पाठांतरं पक्की असतात.

चाळीस वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, जोतिरामनं, मेंढरं राखली. पाऊस लागला की माळावर, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून भीमाकाठी, करकंबच्या अंगाला. तिथं तुटलेल्या उसाच्या फडात मेंढरं पाल्यावर जगत, रात्री कुणाच्या तरी रानात बसत, आणि लेंडीखताच्या बदल्यात रानमालक ज्वारी देई. आषाढाच्या तोंडाला पुन्हा शिरढाळ. मधल्या सात-आठ महिन्यांत माळावर खूर पडत नसे. गवताचं बी गळून मातीत मुरायचं, लांडगीण घळीत पिलं काढायची, धाविक पाखरं उघड्या खडीवर अंडी घालायची. केराबाईची माणसं याला माळ इसाव्याला टाकणं म्हणत. कधी कुणी चुकून लवकर परतलं, तर बाकीचे त्याला बिरोबाच्या देवळासमोर बसवून चांगलं झापत.

प्रियदर्शनी आली ती अशाच एका पावसाळ्यात. सोलापूर शहरातली मुलगी, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी. तिचा विषय तिनं केराबाईला चुलीपुढं बसून सांगितला. जिल्ह्यातली माळरानं राखायची म्हणतात, तिथं पर्यटक आणायचे म्हणतात आणि तिथंच सौरऊर्जेचे प्रकल्पही उभे करायचे म्हणतात. या तिन्हींतून कोणत्या गावाच्या पदरात काय पडतं आणि कुणाच्या पदरातून काय जातं, हे तिला मोजायचं होतं.

"मग आमचंच ल्ही की," केराबाई म्हणाली. "आमच्या पदरात काय हाय ते आमी दाखवतो."

तो सबंध पावसाळा प्रियदर्शनी मेंढरांमागं चालली. पहिल्या आठवड्यात तिच्या टाचा फुटल्या. केराबाईनं करंजाचं तेल लावून दिलं. पोरगी चिवट होती. कोकरू काखेत कसं धरायचं ते शिकली, भाकरी हातावर घेऊन खायला शिकली, आणि विचारायचं मात्र थांबवत नसे. शेवटी तिनं एक मोठा कागद ओसरीवर पसरला आणि केराबाई सांगेल तसा माळ त्यावर काढला. बत्तीसच्या बत्तीस नावं लिहिली. लांडग्याच्या घळीपाशी केराबाई जरा अडखळली. ती जागा तिनं वनखात्याच्या माणसालाही कधी सांगितली नव्हती.

"हे कुणाकुणाला दाखवशील?"

"आमच्या सरांना, मावशी. अभ्यासापुरतंच आहे."

केराबाईनं बोट ठेवलं. प्रियदर्शनीनं तिथं एक ठिपका काढला. मग कोणत्या महिन्यात कुठं असता, असं विचारलं, तेव्हाही केराबाईनं जसं होतं तसं सांगितलं. खोटं सांगायचं कारणच काय होतं?

पुढच्या दिवाळीनंतर बिऱ्हाड नेहमीसारखं भीमाकाठी गेलं. माघ महिन्यात एका सकाळी बाळासोचा फोन आला. बाळासो तिचा थोरला, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. त्यानं सांगितलं की शिरढाळच्या माळावर सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प येतोय, आणि शुक्रवारी मंगळवेढ्यात त्याची जनसुनावणी आहे.

"आत्ता? सगळी मानसं तर हिकडं हायती."

"म्हणून तर आत्ता ठेवली असंल," बाळासो म्हणाला.

जोतिराम मेंढरांपाशी थांबला. केराबाई करकंबहून पंढरपूर आणि तिथून मंगळवेढा अशी एसटी बदलत निघाली. सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. दुकानदार, ठेकेदार, चार गावचे पुढारी. मेंढरं राखणाऱ्यांपैकी ती एकटी. दाराशी रेवणप्पा भेटला. तो शिरढाळचाच, एके काळचा सरपंच, आता सौरऊर्जेच्या कंपनीसाठी माणसं जमवून द्यायचा.

"केरव्वा, एवढ्या लांबून कशाला आलीस? सगळं चांगलंच होनार हाय. हिकडं वीज, तिकडं टुरिस्ट. पोरांना काम मिळंल."

ती मागच्या रांगेत जाऊन बसली. दुसऱ्या रांगेत तिला प्रियदर्शनीची वेणी दिसली. बरं वाटलं. आपलं माणूस आहे, असं वाटलं.

मग पडद्यावर माळ उजळला. तोच माळ, तिनं ओसरीवर सांगितलेला. वळण न वळण ओळखीचं, पण नावं इंग्रजीत. कंपनीचा माणूस कांडीनं दाखवत बोलू लागला. दक्षिणेच्या अर्ध्या भागात सौरपट्ट्या बसणार. उत्तरेच्या अर्ध्या भागात कंपनीच्याच पैशातून निसर्ग संरक्षण आणि पर्यटन, कारण तिथं लांडग्यांचा वावर असल्याचं अभ्यासात दिसून आलं आहे. घळीच्या जागी लाल खूण होती आणि तिला वुल्फ पॉइंट म्हणत होते. चराईचं काय, असं कुणीतरी विचारलं. तेव्हा त्यानं पुढचा तक्ता लावला.

"स्थानिकांशी सविस्तर बोलून केलेला अभ्यास आहे. या जमिनीचा वर्षातले आठ महिने काहीही वापर होत नाही. हे त्यांनीच सांगितलेलं आहे."

केराबाई उभी राहिली. हात वर करायचा असतो हे तिला माहीत नव्हतं.

"सायेब, ते मीच सांगितलंया. पन तसं न्हाय सांगितलं. आट म्हैने आमी माळ इसाव्याला टाकतो. गवताचं बी पडाय लागतं. लांडग्याला पिलं काढाय जागा लागते. तुमी म्हनता लांडगा राखायचा. आमी जातो म्हनून तर तो ऱ्हायलाय. घरातलं मानूस शेताला गेलं, म्हनून काय घर वाऱ्यावर पडतं व्हय?"

सभागृहात कुणीतरी हसलं. मधल्या खुर्चीवरचे अधिकारी हसले नाहीत. ते सभ्यपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय, बाई. बसा."

केराबाई बसली नाही. ती दुसऱ्या रांगेकडं बघत राहिली. वेणी हलली नाही. प्रियदर्शनी समोरच्या वहीत काहीतरी लिहीत होती, किंवा लिहिल्यासारखं करत होती. मग पुढचा माणूस बोलायला उठला आणि रस्त्याच्या रुंदीबद्दल बोलू लागला.

आषाढात बिऱ्हाड परत आलं, तेव्हा माळाला तारेचं कुंपण होतं. दक्षिणेला खांब रोवून झाले होते. उत्तरेला कमान उभी होती आणि कमानीवर लांडग्याचं चित्र. मेंढरं कुंपणाशी जाऊन थांबली आणि आत बघत ओरडत राहिली. त्यांना वळवायला जोतिरामला अर्धा दिवस लागला.

एक पावसाळा त्यांनी रस्त्याच्या कडेनं आणि ओढ्याकाठानं काढला. श्रावणात सिमेंटच्या ट्रकखाली सात मेंढरं गेली. एकदा कुंपणाच्या फटीतून मेंढरांचं खांड आत शिरलं, तर पहारेकऱ्यानं जोतिरामला गुडघ्यावर बसवून त्याचा फोटो काढला. ते त्यानं घरी सांगितलं नाही. केराबाईला ते वाडीतल्या दुसऱ्या बायकांकडून कळलं. दसऱ्याआधी सांगोल्याच्या बाजारात खांड विकलं. विकताना केराबाई मेंढरांकडं पाठ करून बसली होती. मागनं एक-एक आवाज येत होता आणि कुठला कुणाचा ते तिला कळत होतं.

रेवणप्पानं शब्द पाळला. काम मिळालं. जोतिरामला पर्यटकांच्या तंबूंपाशी लाल फेटा बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून बसायचं काम. शनिवारी-रविवारी पुण्या-सोलापूरची माणसं येत आणि त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. त्याच्यासोबत दोन भाड्यानं आणलेली मेंढरं बांधलेली असत. तो घरी आला की फेटा खुंटीला लावायचा आणि न जेवता पडून राहायचा. केराबाईला दक्षिणेच्या भागात काम. सौरपट्ट्यांवरची धूळ धुवायची आणि पट्ट्यांच्या सावलीत उगवलेलं गवत कापायचं. गवत तिच्या ओळखीचंच, पवना आणि मारवेल. ते फाटकाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. ढीग करायचा आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचा. पहिल्यांदा पेटवलं तेव्हा तिनं मुकादमाला विचारलं, "वाडीत दोन म्हशी हायत, त्यास्नी तरी न्यू का?" तो म्हणाला, "नियम न्हाय, मावशी."

लांडगे मात्र दिसेनासे झाले. जीपगाड्या पहाटे घळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहत. पहिल्या हिवाळ्यात लांडगीण पिलं तोंडात धरून निघून गेली. पर्यटक तक्रार करू लागले. कमानीवरच्या चित्रासमोर फोटो काढून किती दिवस भागणार?

दुसऱ्या वर्षी चैत्रात प्रियदर्शनी आली. अंगानं रोडावली होती. हातात जाडजूड छापील पुस्तक होतं, तिचा पूर्ण झालेला प्रबंध. ओसरीवर बसून तिनं पहिलं पान उघडलं.

"तुमचं नाव आहे, मावशी. आभारात. सगळ्यात आधी."

"नाव ऱ्हाऊ दे. आट म्हैन्यांचं काय ल्हिलंस ते वाच. आमच्या भाषेत सांग."

प्रियदर्शनीनं पान शोधलं. हळू आवाजात वाचलं: या काळात समाज कुरणाला विश्रांती देतो आणि त्यामुळंच वन्यजीव टिकून आहेत. मग ती म्हणाली, "मी बरोबर लिहिलं होतं. सरांच्या संस्थेनं कंपनीसाठी अहवाल केला. त्यांच्या तक्त्यात फक्त दोन रकाने होते, वापर आहे आणि वापर नाही. विश्रांतीला रकानाच नव्हता."

"व्हय. पन त्या शुक्रवारी तू तितंच हुतीस. मी उभी ऱ्हायले तवा तुला ठावं हुतं की मी खरं बोलतीया. तू का उटली न्हाईस?"

प्रियदर्शनीनं बोट पानावरच ठेवलं.

"माझी शिष्यवृत्ती त्याच संस्थेची होती, मावशी. उठले असते तर प्रबंध राहिला असता."

केराबाईनं मान हलवली. ती रागावली असती तर प्रियदर्शनीला बरं वाटलं असतं. पण केराबाईनं फक्त पुस्तक बंद करून तिच्याकडं सरकवलं.

"आता मी नवं काम हातात घेतलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "लांडगे कुठं गेले, ते का गेले. ते सिद्ध झालं तर गाड्या बंद करता येतील. तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुम्ही सांगितलंत तर…"

केराबाईला माहीत होतं. बेलाटीच्या ओढ्यापलीकडं, पडक्या खाणीच्या कपारीत, मागच्याच आठवड्यात तिनं मादीचे आणि तीन पिलांचे माग बघितले होते. पोरगी कदाचित खरंच भल्यासाठी विचारत असेल. मागच्या वेळीही ती भल्यासाठीच विचारत होती.

"मला न्हाय ठावं," केराबाई म्हणाली. "आता मी तिकडं जात न्हाय."

हे खोटं तिच्या तोंडाला कडू लागलं. चाळीस वर्षांत माळाबद्दल ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

तिनं प्रियदर्शनीला चहा दिला. कपबशी विसळली. दुपारची पाळी होती, म्हणून डोक्याला फडकं बांधलं आणि विळा घेऊन निघाली. प्रियदर्शनी फाटकापर्यंत सोबत चालली. फाटकाशी पहारेकऱ्यानं केराबाईचं ओळखपत्र बघून तिला आत सोडलं आणि प्रियदर्शनीला परवानगीचं पत्र मागितलं. तिच्याकडं ते होतं, पण ती आत गेली नाही.