भिंतीवरची साक्षर

लालबागच्या चाळीतल्या गंगुबाई साक्षर आहेत, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. खात्री नव्हती ती गंगुबाईंनाच.

वीसेक वर्षांमागे साक्षरतेची मोहीम आली होती. गुरुजींनी सही गिरवून घेतली, मंडपात नारळ आणि प्रमाणपत्र दिलं, आणि मोहीम पुढच्या चाळीत गेली. गंगुबाईंनी प्रमाणपत्राची फ्रेम देव्हाऱ्याशेजारी टांगली. रोज देवांबरोबर तिलाही एक फूल. त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं मात्र राहिलं. येतच नव्हतं.

अडलंही नव्हतं. श्रावणात घरची पोथी नवरा वाचायचा, गुणाजी. गिरणी बंद पडली त्या सालीही खंड नाही. यंदा काचबिंदूने गुणाजींची दृष्टीच नेली. मुलगा मयूर म्हणाला, "आई, मोबाईलवर लावून देतो."

"देवाक रेडिओ ऐकवतलंस?"

पोथी गंगुबाईंना ऐकून ऐकून तोंडपाठ होती. पण पाठ म्हणणं म्हणजे वाचन नव्हे. सरकारचं चालून जातं, देवाला कसं फसवायचं?

अशात नवी योजना आली. आता म्हणे प्रौढ शिक्षण म्हणायचं नाही, सर्वांसाठी शिक्षण म्हणायचं. सर्वेक्षणाच्या मॅडम दारात आल्या.

"मॅडम, माझं नाव घाला."

मॅडमनी पेन उघडलं आणि फ्रेमवरच्या फुलाकडे नजर गेली. "आजी, तुम्ही तर साक्षर आहात!"

"वाचता येत नाही हो."

"प्रमाणपत्र आहे ना? आता परत निरक्षर कसं करू तुम्हाला?"

कॉटवरून गुणाजी हसले, "अगो, तरी सांगी होतंय, त्या कागदाक फुला घालू नको."

मॅडमना दयाही आली आणि अडचणही आठवली. शिकवायला स्वयंसेवक मिळत नव्हते. साक्षर माणूस कोणीही चालत होता.

अशा तऱ्हेने गंगुबाई शिक्षिका झाल्या.

मंडळाच्या खोलीत वर्ग भरू लागला. वरच्या मजल्यावरची कॉलेजातली अनुजा फळ्यावर अक्षर लिहून वाचून दाखवायची, गंगुबाई अक्षरावर छडी टेकवायच्या आणि चटईवरच्या चौघींच्या आधी स्वतः मोठ्याने म्हणायच्या. घरी जाऊन पाटीवर गिरवायच्या.

"बाई, तुमचा 'ळ' आडवा पडलाय," चौघींतली कांता एकदा म्हणाली.

"शिकवणारीचो चालता. तू तुझो बघ."

गंगुबाईंच्या हाताखाली चौघी साक्षर झाल्या, असा अहवाल गेला. पाचवीची नोंद कुठे नाही.

श्रावणातला पहिला सोमवार. समई लावली, पोथी चौरंगावर ठेवली, गंगुबाईंनी ओळीखाली बोट धरलं. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं. तिसरं जोडाक्षर निघालं, तिथे बोट थबकलं, तोवर कॉटवरून गुणाजींनी सवयीने अख्खी ओवी म्हणून टाकली.

"गप रवा," गंगुबाई बोट न उचलता म्हणाल्या. "तुमका पाठ आसा. माका वाचूचा आसा. मी अजून पयल्याच शब्दार आसंय."

आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, बायकोचा शब्द पुरा होईपर्यंत गुणाजी थांबले.