वेशीत बसलेली मेंढरं

सुलाबाईचा धनाजी वेशीच्या देवडीत जन्मला. माणदेशातून मेंढरं घेऊन खाली येताना रहिमतपूरच्या अलीकडं, एका पेठेच्या गावात तिला कळा सुरू झाल्या. एके काळी पहारेकरी बसायचे त्या दगडी खोलीत पेठेतल्या बायकांनी तिचं बाळंतपण केलं. पुढं नवऱ्यानं वेशीबाहेर तुकडाभर जमीन घेतली आणि ती इथलीच झाली.

तिच्या डोळ्यांदेखत पेठ बदलली. कोरीव लाकडी सज्जे उतरले, शटरं आली. बारव कचऱ्यानं बुजली. वेस तेवढी उरली होती. उसाच्या ट्रॉल्या अडकतात म्हणून तीही पाडायचं ठरलं.

"पाडू नगासा," असं सांगत सुलाबाई दुकानादुकानांतून फिरली. कापडवाला नानासो हसला. "तुमाला काय करायचंय वेशीचं? तुमी पडला उपऱ्या."

"उपरी? आवं नानासो, माजं बाळंतपण तुमच्याच आईनं केलंय तितं!"

नानासो मान खाली घालून कापडाची घडी घालत बसला.

पाडायचं यंत्र आलं त्या सकाळी सुलाबाईनं अख्खा कळप वेशीत घातला आणि आपण देवडीत जाऊन बसली. ठेकेदार ओरडला, "म्हातारे, मेंढरं काढ!"

"तुमीच काढा की. एकेक उचलून न्या."

माणसांनी हुसकावून पाहिलं. मेंढरं गोल फिरून पुन्हा तिच्यापाशीच गोळा झाली. धनाजी पळत आला. "आये, लोक हसत्यात. चल घरी."

"हसू दे. तू कुटं जन्मलास ते सांग ह्यास्नी."

धनाजी चपला काढून आईशेजारी बसला. दुपारी नानासो स्वतः पाण्याची घागर घेऊन आला, आणि त्याच्या मागोमाग पेठ आली. उन्हं कलायच्या आत यंत्र माघारी गेलं.

शेवटी रस्ता वेशीला वळसा घालून न्यायचा ठरला, पण ते वळण सुलाबाईच्याच शेतातून जात होतं. आता म्हातारी गप बसेल, असं ठेकेदाराला वाटलं.

"न्या," ती म्हणाली. "पर वेशीच्या एका चिऱ्याला हात लावायचा न्हाई."

त्या वर्षी तिची निम्मी ज्वारी गेली. तिला वाईट वाटलं, पण तिनं ते कुणाला दिसू दिलं नाही. आता एखादा ट्रॉलीवाला वळणावर शिव्या हासडत ब्रेक दाबतो, तेव्हा ती ओट्यावरून ओरडते, "हळू जा रं! माज्या रानातनं चाललायस!"