गप्प बसायला शिकलेली सोनाली

सोनालीने पुन्हा एका मुलाच्या हाताला चावा घेतला होता.

"सर, इंजेक्शन घ्यावं लागतंय का मला?" त्याने विचारलं. वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापक मात्र वैतागले.

"तुमचं ते ट्रेनिंग झालंय ना? मग आवरा हिला. पालक भांडायला येऊन राहिले."

मी हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याकडच्या एका शाळेत पाचवीला शिकवतो. ट्रेनिंग होतं भावनांच्या नियमनाचं. म्हणजे राग, भीती, रडू आलं की लेकराने स्वतःला कसं सावरायचं, ते शिकवणं. पोटावर हात ठेवायचा. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा.

सोनालीचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. ती चुलत्याकडे राहायची. रोज मधल्या सुट्टीत मी तिचा सराव घेतला. हळूहळू तिचं चावणं, ओरडणं बंद झालं. पोरं मुद्दाम वेणी ओढायची, तरी ती पोटावर हात ठेवून बसायची. मला अभिमान वाटला.

केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या भागातल्या शाळा पाहणारे साहेब, आले तेव्हा सराव दाखवायला मी तिलाच उभं केलं.

"घरी करतेस का गं हे?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. काका मारतेत तवा."

ती पुढे म्हणाली, "आधी मी लई वरडायची. मंग शेजारची मावशी पळत यायची, सोडवायची. आता मी वरडतच न्हाई, सर."

"आणि मावशी?" मी विचारलं.

"तिला कळतच न्हाई आता."

हे ती मला खूश करायला सांगत होती.

ऑफिसात मुख्याध्यापक म्हणाले, "घरचा मामला आहे. गावाशी वाकडं कशाला घेता?" साहेब चहाकडे पाहत राहिले. मी बाहेर येऊन मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात तिला तपासलं. उजव्या कानाचा पडदा फाटलेला होता, आत पू झाला होता. त्या कानातला कापूस मी रोज पाहायचो. सर्दी असेल, असं समजायचो.

त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. चुलत्यावर केस चालू आहे. आईवडील कारखान्यावरून धावत आले. आई शाळेत आली, पण बसली नाही.

"सर, माझ्या लेकराला गप्प बसायला काहून शिकवलं?"



लेकरू का चावतंय हे विचारायचं असतं, असं त्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणू शकतो. पण तेवढं विचारायला ट्रेनिंग लागत नाही.