रामभाऊंचं कादंबरीतलं मरण

धम्मदीपची कादंबरी छापून आली आणि सांगवीत एकच चर्चा सुरू झाली: बाप धडधाकट असताना पोरानं त्याला मारलं कसं?

धम्मदीप भवानीनगरला कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आधी त्यानं दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, दोन्ही मोठ्या शहरातल्या. प्रकाशकानं त्या परत केल्या. "भाषा छान आहे, पण माणसं कुणाची आहेत?" एवढंच तो म्हणाला. मग धम्मदीप हट्टानं स्वतःच्या गावाकडं वळला. त्याचे वडील रामभाऊ उमेदीत विहिरींना सुरुंग लावायचे. त्या कामात त्यांचा डावा कान गेला. कादंबरीतला कोंडिबाही सुरुंग लावायचा, त्याचाही डावा कान गेलेला, आणि शेवटी तो विहिरीत मरतो.

रामभाऊंना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. सून अंजली त्यांना रोज जेवणानंतर थोडंथोडं वाचून दाखवायची. कोंडिबाचं मरण आलं तशी ती अडखळली आणि तिनं हळूच पानं पुढं उलटली.

"थांब गं," रामभाऊ म्हणाले. "मधलं का गाळलंस? वाच."

तिनं वाचलं.  रामभाऊ उठून अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर धम्मदीप त्यांच्यापाशी जाऊन बसला. 

"आबा, तो कोंडिबा म्हणजे तुमी न्हाय."

"कान माझा, पहार माझी, शिव्यासुद्धा माझ्याच. मंग मरताना तेवढा दुसरा व्हय?" रामभाऊंचा आवाज चढला. "काय वाईट केलं हुतं रं तुझं?"

 धम्मदीपला एक दिवस आठवला आणि तो सांगत गेला. तो लहान होता. आईबरोबर भाकरी घेऊन विहिरीवर गेला होता. सुरुंगाची वात पेटवली, सगळे लांब पळाले, पण बार उडालाच नाही. बराच वेळ वाट बघून रामभाऊ एकटेच खाली उतरले. ते लवकर वर येईनात. आईनं त्याचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं काळीनिळी पडली.

"पर मी वर आलो की," रामभाऊ म्हणाले.

"तुमी आलात. मला मात्र अजून स्वप्न पडतं, आणि स्वप्नात तुमी येत न्हाय. लिहायला बसलो की तेच येतं. ठरवून न्हाय मारलं, आबा."

रामभाऊ पोराच्या तोंडाकडं बघत राहिले. राग कुठल्या कुठं गेला. मग एकाएकी ते हसायला लागले.

"आरं येड्या, खाली काय झालं ठावं हाय का तुला? भिजल्यानं वात इझली हुती. का भिजली म्हणून बघतो, तर खडकातनं पाणी! झरा फुटलेला. मालकानं आशा सोडल्याली विहीर ती. मी वंजळ भरभरून पाणी प्यालो, तोंड धुतलं, वरच्यांची आठवणच ऱ्हायली न्हाय. म्हणून उशीर झाला."

धम्मदीप थक्क झाला. इतकी वर्षं त्यानं त्या दिवसाची काठावरची भीतीच तेवढी जपली होती. खाली बाप आनंदात होता, हे त्याच्या कधी ध्यानीमनी नव्हतं.

"हे कधी सांगितलं का न्हाय?"

"तू कधी इचारलंस?"

पुढच्या रविवारी त्यानं रामभाऊंना मोटारसायकलवर बसवून त्या विहिरीवर नेलं. मालकाचा नातू इंद्रजित आता ती शेती बघतो. त्यानं मोटर चालू केली. पाणी उसाच्या सरीत धावलं. रामभाऊ काठावर वाकून हात करकरून सांगत होते, झरा कुठल्या बाजूला, पाणी कसं गार लागलं, खालून आभाळ केवढंसं दिसायचं. धम्मदीप मधेमधे विचारत होता आणि रामभाऊंना सांगताना थांबवत नव्हतं.

नवी कादंबरी त्यानं त्याच आठवड्यात सुरू केली. पहिल्या प्रकरणात एक माणूस खोल विहिरीच्या तळाशी एकटाच उभा आहे, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि खदाखदा हसतोय. अंजलीनं ते वाचून दाखवलं, तेव्हा रामभाऊंनी दोनदा वाचायला लावलं.