आत्या आणि खाऱ्या पाण्याची टाकी

मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमधला तिचा समुद्र माझ्या ताब्यात आला. समुद्र म्हणजे हॉलमधली तीन फुटी काचेची टाकी. मापाने मीठ घालून खारवलेलं पाणी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि दगडावर वाढणारं जांभळं प्रवाळ. मासे नवे मिळतात. प्रवाळ तिने नखाएवढ्या तुकड्यापासून चार वर्षं वाढवलं होतं. "बाबा, बाकी काही झालं तरी चालेल, ते सांभाळ," एवढंच सांगून ती गेली.

महिनाभरात टाकीत शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवी भुकटी, मग दगडांवर लांब केस. ते प्रवाळावर चढलं तशी त्याची बोटं मिटत चालली. मी जुन्या टूथब्रशने घासायचो, पाणी बदलायचो, दिवा कमी वेळ लावायचो. आठवड्यात केस परत हजर. दिवाळीला येते, असा मुलीचा फोन आला की मी टाकीकडे पाठ करून बोलायचो.

शेवटी पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. त्याच्या शर्टावर त्याचंच नाव भरतकामात होतं, वर एक लाट. त्याने टाकीला 'सिस्टिम' म्हटलं, 'समतोल' या शब्दावर बराच वेळ बोलला, आणि पाण्यात नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खत, फार आहे असं निदान केलं. ते येतं कुठून, हे व्याख्यानात नव्हतं.

"माशांना किती घालता?"

"चिमूटभर, दिवसाआड."

"उत्तम," म्हणाला आणि तीन बाटल्या ठेवून गेला. बाटल्या संपल्या. शेवाळ जोमात.

मुलगी गेली त्याच आठवड्यात माझी आत्या प्रवरेकाठच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. रक्तातली साखर उतरेना, म्हणून डॉक्टर तारीख पुढे ढकलत होते. एका दुपारी मी बँकेतून लवकर परतलो, तर आत्या टाकीपाशी उभी. हातात कणकेच्या गोळ्या, एकेक करून पाण्यात सोडत होती.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे? नदीवर रोज घालायची मी माशांना. हितं आल्यावर सोडून देऊ व्हय?"

"रोज घालतेस?"

"दोनदा. डॉक्टरनं माझं तोंड बांधलंय, ह्या मुक्या जिवांचं कशाला बांधायचं? आन खाल्लं का न्हाई ते मला दिसत न्हाई. म्हनून आनखी चार टाकते."

मी समजावलं. उरलेली कणीक कुजते, त्यावर शेवाळ पोसतं, ते प्रवाळाला गुदमरवतं.

"प्रवाळ म्हंजे अंगठीतलं पोवळं ना? ते कुठं जितं असतंय?" म्हणत तिने हातातल्या गोळ्या संपवल्या.

मी कणकेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने ताटातली पोळी चुरून घातली. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातातून पुण्य हिसकावून घेण्याची माझी हिंमत नव्हती.

मग साखर उतरली, ऑपरेशन झालं. काही दिवसांनी काळा चष्मा काढून आत्या टाकीपुढे बसली.

"आरं, हे गवत केवढं माजलंय! आन ह्यांची पोटं बघ. मला वाटायचं, बिचारे वाळले असतील."

"तेच तर सांगत होतो."

"तू भाषन देत हुतास. आज वार कोनता?"

"शनिवार."

"माझा उपास हाय. मग ह्यांचाबी."

सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं माशांचं वेळापत्रक ठरलं. कणीक कायमची बंद. उरलेल्या दिवशी मी चिमूट घालायचो आणि आत्या ती तपासायची. मोठी वाटली तर अर्धी परत डबीत. घासणं, पाणी बदलणं मी चालूच ठेवलं. तीन आठवड्यांत केस विरळ झाले. एका सकाळी प्रवाळाचं एक बोट उघडं दिसलं, दोन दिवसांनी आणखी चार. त्या दिवशी मी खुर्ची ओढून टाकीकडे तोंड करून चहा प्यायलो. कित्येक दिवसांनी चहा चहासारखा लागला.

दिवाळीच्या तोंडावर मुलगी आली. बॅग खांद्यावरच ठेवून टाकीपाशी वाकली.

"बाबा, हे तर वाढलंय!"

आणि सवयीने तिने खाद्याची डबी उचलली.

"ठेव ती," सोफ्यावरून आत्या म्हणाली. "आज एकादशी हाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून डबी घेतली आणि मुकाट्याने कपाटात ठेवली.